साखळी-यंत्रांतून साधी यंत्रं कशी शिकवावीत: मोजमाप, सांधे आणि नेहमीचे बिघाड

साखळी-यंत्राचा, म्हणजे एक भाग पुढच्याला आणि तो त्याच्या पुढच्याला चालवतो अशा यंत्राचा, प्रकल्प बहुतेक वेळा एकाच वाटेने जातो. पुठ्ठ्याची घसरगुंडी, तिच्यावरून गोटी, पुढे डॉमिनोंची रांग, शेवटी घंटा. मजा येते, व्हिडिओही छान निघतो. पण सहा साध्या यंत्रांपैकी (तरफ, कप्पी, चाक आणि आस, पाचर, स्क्रू, उतरण) त्यात आलेली असते एकटी उतरण, आणि तीसुद्धा यंत्र म्हणून नाहीच. गोटी घरंगळत खाली येते तेव्हा ती उतरण कुणाचंही ओझं हलकं करत नसते. बाकीची नावं लेबलांवर लिहिलेली असतात, एवढंच.

म्हणून पहिल्याच तासाला एक अट सांगून टाका. यंत्रात घातलेल्या प्रत्येक साध्या यंत्राने तीनपैकी एक काम केलंच पाहिजे: बल वाढवणं, अंतर वाढवणं किंवा बलाची दिशा बदलणं. कोणतं काम झालं आणि किती, हे मुलांनी आकड्यांत दाखवायचं. अट पाळली गेली का हे पाहायला एक प्रश्न पुरतो: "हा भाग काढून इथे सरळ पन्हळ लावली तर काय बिघडेल?" काहीच बिघडणार नसेल तर तो भाग शोभेचा आहे. शोभेचे भाग असायला हरकत नाही, फक्त त्यांना यंत्र म्हणून मोजायचं नाही.

सोप्या कामाला मुद्दाम लांबण लावणाऱ्या अशा यंत्रांना रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) या अमेरिकी व्यंगचित्रकाराचं नाव चिकटलं आहे. हा गृहस्थ शिक्षणाने अभियंता होता. त्याची यंत्रं कागदावर चालली की भागत असे. वर्गातली टेबलावर चालवावी लागतात आणि खरी मेख तिथेच आहे.

पुढचा आराखडा ११ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे: ३२ मुलं, चौघांचे आठ गट, ४० मिनिटांचे नऊ तास. दोन तास मोजमाप, एक आराखडा, तीन बांधणी, दोन जोडणी आणि चाचणी, शेवटचा प्रत्यक्ष चालवण्याचा. वेळ कमी असेल तर बांधणीतून कापा. मोजमाप आणि जोडणीला हात लावू नका.

सामान

प्रत्येक गटाला हे द्या:

- खोक्याचा जाड पुठ्ठा, ४० × ६० सेंमीचे दोन तुकडे (एक तळ, एक मागची भिंत)
- ३० सेंमीच्या लाकडी फूटपट्ट्या २
- १६ मिमी व्यासाच्या काचेच्या गोट्या ४ (एकेक साधारण ५ ग्रॅम), २५ मिमीची मोठी गोटी १ (साधारण २० ग्रॅम)
- एकाच मापाचे लोखंडी वॉशर २०
- दोऱ्याची रिकामी रिळं ३, बांबूच्या बारीक काड्या ६, स्ट्रॉ ४
- न ताणला जाणारा दोरा ५ मीटर
- डॉमिनो २०, कागदी पेले ४, बाइंडर क्लिपा ६, रबरबँड, मास्किंग टेप

सगळ्या वर्गात मिळून दोन ग्लू गन, दोन-तीन ताणकाटे, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि ८ मिमी जाडीचा आटे पाडलेला रॉड, त्याच्या चार नटांसह.

वॉशर एकाच मापाचे हवेत, कारण तेच वजनाचं एकक ठरणार आहेत. दहा वॉशर एकदम काट्यावर ठेवायचे आणि दहाने भागायचं. एकेक तोलत बसलं तर काट्याची चूकच जास्त भरते. ताणकाटा नसेल तर रबरबँडला एक, दोन, तीन असे वॉशर टांगत जा आणि मागच्या कागदावर ताणाच्या खुणा करा. त्या खुणांमधली अंतरं एकसारखी येणार नाहीत. रबर असंच वागतं. म्हणून प्रत्येक खूण प्रत्यक्ष वजन टांगूनच करायची, अंदाजाने मधल्या रेघा ओढायच्या नाहीत.

पहिले दोन तास: फक्त मोजमाप

या दोन तासांत काही बांधायचं नाही. मुलं कुरकुर करतात, करू द्या.

तरफेपासून सुरुवात करा. षटकोनी पेन्सिल टेबलावर टेपने चिकटवा, हा टेकू. तिच्यावर फूटपट्टी अशी ठेवा की १५ सेंमीची खूण बरोबर टेकूवर येईल. आता ११ सेंमीच्या खुणेवर सहा वॉशरची चळत ठेवा, म्हणजे टेकूपासून ४ सेंमीवर. दुसऱ्या बाजूला दोन वॉशर हळूहळू बाहेर सरकवत न्या. २७ च्या खुणेच्या आसपास, म्हणजे टेकूपासून १२ सेंमीवर, पट्टी कलायला लागते. ६ × ४ आणि २ × १२, दोन्हीकडे २४. पट्टी मध्यावर तरंगत थांबण्याची वाट पाहू नका, ती थांबत नाही. दोन वॉशर किंचित आत घेतले तर एकीकडे कलते आणि किंचित बाहेर नेले तर दुसरीकडे. या दोन जागांच्या मधोमध उत्तर. अंतर चळतीच्या मध्यापासून मोजायचं, कडेपासून नाही. अर्ध्या वर्गाचे आकडे या एका गोष्टीमुळे चुकतात.

त्याच पट्टीवर दुसरं मोजमाप लगेच घ्या: दोन वॉशरचं टोक किती खाली गेलं आणि सहा वॉशरची बाजू किती वर आली. एक तिप्पट, दुसरी एकपट. तीन पट ओझं उचललं त्याची किंमत तीन पट अंतराने मोजली. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक यंत्रापाशी तेच लागणार आहे.

उतरणीसाठी ६० सेंमीची फळी एका बाजूने १५ सेंमी उंच करा. २०० ग्रॅमची चाकांची गाडी सरळ उचलायला साधारण २ न्यूटन लागतात. फळीवरून ओढायला हिशेबाने ०.५ लागायला हवेत. ताणकाटा त्याहून जास्त दाखवेल. ती तफावत घर्षणाची, आणि ती "चूक" म्हणून खोडू नका. तिला वहीत वेगळा रकाना द्या. काटा फळीला समांतर धरला नाही तर आकडा भलताच येतो. गाडी संथ, एकसारख्या वेगाने चालू असतानाच वाचन घ्यायचं.

कप्पीत मुलांचा एक गैरसमज मुळापासून काढावा लागतो: कप्पी लावली की ओझं हलकं होतं. स्थिर कप्पी फक्त दिशा बदलते. बल कमी करते ती चल कप्पी, जी ओझ्याबरोबर वर-खाली होते. तिथे बल अर्धं आणि दोरा दुप्पट. रिळाच्या कप्पीवर मात्र अर्ध्याऐवजी ०.६ ते ०.७ पट बल लागलेलं बऱ्याचदा दिसेल, कारण रीळ काडीवर घासतं आणि त्याचं स्वतःचं वजनही उचलावं लागतं. काडीवर आधी स्ट्रॉचा तुकडा चढवून त्यावर रीळ बसवलं की आकडा सुधारतो.

जोर कुठून आणायचा

आराखड्याच्या तासाला हा हिशेब झाला नाही तर बांधणीचे तीनही तास वाया जातात. ५ ग्रॅमची गोटी ३० सेंमी खाली आली की तिच्याकडून जास्तीत जास्त ०.०१५ जूल मिळतात. ५० ग्रॅमची वस्तू ३ सेंमी उचलली की ते संपले, आणि तेही वाटेत काही वाया गेलं नाही तर. मुलांच्या पहिल्या चित्रात एकच गोटी पाच टप्पे चालवत असते. तसं होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यापाशीच यंत्र दमतं.

उपाय एकच. प्रत्येक टप्प्याने स्वतःचा साठा आधीच भरून ठेवायचा: वर टांगलेला वॉशरचा पेला, उंचावर अडवून ठेवलेली दुसरी गोटी, ताणलेला रबरबँड. मागून आलेल्या गोटीने फक्त खिट्टी काढायची. डॉमिनो हेच करतात. उभा डॉमिनो स्वतःची ऊर्जा राखून असतो, शेजारचा फक्त ढकलतो. म्हणूनच एक डॉमिनो आपल्याहून दीडपट मोठ्या डॉमिनोलाही पाडू शकतो. तीन-चार मापांचे लाकडी ठोकळे घेऊन हे दाखवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आराखड्यात प्रत्येक टप्प्याशेजारी दोन चौकटी काढायला लावा: "खिट्टी कोण काढतं" आणि "काम कोणाच्या जोरावर". दुसरी चौकट रिकामी राहिली तर तो टप्पा बांधायला घ्यायचा नाही.

गटागटांतला करार

आठ गटांचे आठ तुकडे शेवटी एका रांगेत जोडायचे, तर एकाने दुसऱ्याला काय सोपवायचं ते आधी ठरलं पाहिजे. आम्ही सुचवतो तो करार असा: १६ मिमीची एक गोटी, टेबलापासून १० सेंमी उंचीवर, तळाच्या डाव्या काठाच्या मध्यावर आत येणार, अशीच एक गोटी, त्याच उंचीवर, उजव्या काठाच्या मध्यातून बाहेर जाणार. आत १० आणि बाहेरही १० म्हणजे स्वतःचा साठा ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. आलेली गोटी आतच राहते, १५ सेंमीवर अडवलेली दुसरी गोटी सुटते आणि पुढे जाते. कोणत्याही गटाचा तुकडा कुणाच्याही शेजारी ठेवता येतो, आणि एखादा गट गैरहजर असला तरी रांग तुटत नाही.

तुकड्याची बांधणी शेवटाकडून करायची: आधी गोटी सोडणारी फाटकाची जागा, मग ते फाटक उघडणारं यंत्र, मग त्याची खिट्टी. पुढून बांधत गेलं तर पहिला भाग सुरेख होतो आणि शेवटाला ना जागा उरते ना उंची.

सहा यंत्रांना कामाला लावताना

तरफ. टेकू एका बाजूला सरकवला, समजा लहान बाहू ६ आणि मोठा १८ सेंमी, की मोठ्या बाहूवर पडलेली २० ग्रॅमची गोटी हिशेबाने ६० ग्रॅम उचलते. पण पट्टीचं स्वतःचं वजनही लांब बाजूकडे ओढत असतं, आणि गोटी यायच्या आधीच तरफ कलून बसते. आधी लहान बाजूला थोडी माती किंवा वॉशर चिकटवून रिकामी पट्टी तोलून घ्या, मग ओझं ठेवा. गोटी पेल्यात अलगद ठेवली तर तरफ कलते का, हे आधी पाहा. वरून टाकल्यावरच चालत असेल तर ते आदळण्याच्या झटक्यावर चाललं आहे, आणि झटका दरवेळी सारखा नसतो. मोठं टोक ६ सेंमी खाली जाणार असेल तर त्याखाली ६ सेंमीहून जास्त मोकळी जागा हवी. ही गोष्ट लिहून सांगितली तरी विसरली जाते.

साखळी-यंत्रात उलटी तरफ जास्त उपयोगी पडते हेही मुलांच्या लक्षात आणून द्या: जोर लहान बाहूवर, काम मोठ्या बाहूवर. १ सेंमीची हालचाल ४ सेंमी होते आणि एखादी खिट्टी पूर्ण निघते. बल तेवढ्याच पटीने कमी होतं, म्हणून खिट्टी सैल हवी.

कप्पी. वॉशरचा पेला खाली येतो, दुसरीकडचं फाटक वर जातं. दोरा रिळावरून सुटतो तो दोन कारणांनी. एक, रीळ दोऱ्याच्या ओळीत नसतं. दुसरं, रिळाला पुरेसे उंच काठ नसतात. रिळापेक्षा १ सेंमी मोठ्या पुठ्ठ्याच्या चकत्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या की दुसरं कारण मिटतं. चल कप्पी वापरणाऱ्या गटाला विचारा: फाटक १० सेंमी उचलायचं तर पेला किती खाली येणार? २० सेंमी. मग तो टेबलावर टेकणार नाही का? टेकतो. त्यासाठी तुकडा टेबलाच्या कडेला ठेवून पेला कडेबाहेर सोडायचा.

चाक आणि आस. इथे सगळ्यात मोठी फसगत होते. खेळण्यातल्या गाडीची चाकं आसावर मोकळी फिरतात. ती घर्षण कमी करतात, बल वाढवत नाहीत. साधं यंत्र म्हणून चाक आसाला घट्ट चिकटलेलं हवं, दोघं एकत्र फिरायला हवेत. ७ मिमीच्या पेन्सिलीवर ७ सेंमीची पुठ्ठ्याची चकती ग्लूने पक्की करा. पेन्सिल दोन उभ्या पुठ्ठ्यांतल्या भोकांत, आत स्ट्रॉचा तुकडा घालून. चकतीवरचा दोरा १० सेंमी उलगडला की पेन्सिलीवर १ सेंमी गुंडाळला जातो, म्हणजे हिशेबाने दहापट बल. चकती एकाच पुठ्ठ्याची असेल तर दोऱ्याच्या ताणाने वाकते. तीन थर करा, प्रत्येक थराच्या नळ्यांची दिशा बदलून. दोऱ्याचं टोक चकतीला आणि आसाला टेपने डकवायला विसरू नका. नुसता गुंडाळलेला दोरा घसरतो.

पाचर. दाराखाली घालतात तशी पाचर ओढून काढायची आणि वरची फळी पडू द्यायची, हा मुलांचा आवडता प्रकार. तो चालतो, पण तिथे पाचर खिट्टी म्हणून काम करते, यंत्र म्हणून नाही. खरं काम हवं तर पाचर आत सरकली पाहिजे आणि ठोकळा वर गेला पाहिजे. ९ सेंमी लांब, ३ सेंमी जाड पाचर बनवा. कप्पीवरून टांगलेलं वजन तिला आडवी ओढेल. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या भिंती लागतातच, नाहीतर तो वर न जाता पाचरीबरोबर पुढे चालू लागतो. १०० ग्रॅमचा ठोकळा उचलायला हिशेबाने ३३ ग्रॅम पुरायला हवेत. कोऱ्या पुठ्ठ्यावर जवळजवळ १०० ग्रॅमही लागू शकतात, कारण पाचर खालून आणि वरून अशी दोन्हीकडे घासते. दोन्ही पृष्ठांवर गुळगुळीत चिकटपट्टी लावून पुन्हा मोजा. घर्षण शिकवायला याहून चांगली जागा या अख्ख्या प्रकल्पात नाही, त्यामुळे ज्या गटाला आकडेमोड आवडते त्याला पाचर द्या.

स्क्रू. सगळ्यात अवघड, आणि म्हणूनच बहुतेक प्रकल्पांत गोटीच्या गोल गोल उतरणीला "स्क्रू" म्हणून वेळ मारून नेतात. आकार स्क्रूचा आहे हे खरं. काम स्क्रूचं नाही. आधी कागद घ्या. पाया २० सेंमी आणि उंची ८ सेंमीचा काटकोन त्रिकोण कापा आणि उंचीची बाजू पेन्सिलीला लावून गुंडाळा. तिरक्या कडेचे आटे दिसू लागतात: स्क्रू म्हणजे गुंडाळलेली उतरण.

मग ८ मिमीचा रॉड तळावर उभा पक्का करा. त्यावर दोन नट चढवा आणि ते रॉडवर असतानाच ५ सेंमी व्यासाच्या रिळाच्या वरच्या-खालच्या तोंडांना चिकटवा. रॉडवरून काढून चिकटवले तर दोन्ही नटांचे आटे जुळत नाहीत आणि रीळ फिरतच नाही. ग्लू आट्यांत जाऊ देऊ नका. नेहमीच्या ८ मिमी रॉडवर एका फेऱ्यात नट १.२५ मिमी सरकतो. रिळावरचा ६० सेंमी दोरा उलगडला की जेमतेम पावणेचार फेरे, म्हणजे ५ मिमीहून किंचित कमी उंची. एवढ्याशा चढाने काय करायचं? त्यावर १:६ ची उलटी तरफ टेकवा, जवळजवळ ३ सेंमी मिळतात. कागदावर या स्क्रूचा फायदा, म्हणजे बल किती पट वाढतं तो आकडा, १२५ पटींच्या आसपास येतो, पण त्यातला अर्ध्याहून जास्त भाग घर्षण खातं. त्याच घर्षणामुळे वरचं ओझं स्क्रूला उलटा फिरवू शकत नाही, तो आहे तिथे थांबतो. गाडी उचलणारा स्क्रूचा जॅक याच गुणावर विसंबून असतो. दोरा ओढणाऱ्या पेल्यात १०० ग्रॅमपासून सुरुवात करून वाढवत जा, आणि रॉडला थेंबभर तेल लावा.

उतरण. गोटीच्या पन्हळीपुरती ती सगळीकडे असेलच. यंत्र म्हणून मोजायची तर तिच्यावरून काहीतरी वर चढलं पाहिजे: टांगलेला पेला खाली येतो आणि त्याहून जड गाडी उतरणीवरून वर ओढली जाते. पहिल्या तासाचा ६० आणि १५ सेंमीचा प्रयोगच इथे लहान करून वापरता येतो.

सांधे

यंत्र भागांत बिघडत नाही, दोन भागांच्या मध्ये बिघडतं. चाचणीचा वेळ तिथेच घालवायचा.

पन्हळींचे जोड कौलांसारखे ठेवा: वरच्या पन्हळीचं टोक खालचीवर १ सेंमी पुढे आलेलं. टोकाला टोक भिडवलं की खालची पन्हळ केसभर वर उचलली जाते आणि गोटी तिथे अडते. १० सेंमी खाली आलेली गोटी सेकंदाला जवळपास एक मीटर वेगाने धावत असते, त्यामुळे वळणाच्या बाहेरच्या बाजूला किमान दीड सेंमीचा कठडा लागतो. त्याहून बरा उपाय म्हणजे वळणाआधी उतार कमी करणं. उंची १ असेल तर लांबी ५, हा उतार सुरुवातीला ठीक. वळणावर १:१० पुरतो.

गोटी पेल्यात पडून बाहेर उडत असेल तर पेल्याच्या तळाशी कापडाची घडी ठेवा. पडण्याची उंची ५ सेंमीच्या आत आणली तर बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

खिट्टी घट्ट असणं हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष. मुलांना ती निसटण्याची भीती असते, म्हणून ती आणखी खोल खुपसतात. खिट्टी किती जोराने निघते ते ताणकाट्याने मोजा, आणि ओढणाऱ्या वजनाचा जोर त्याच्या किमान दुप्पट ठेवा. दुप्पट का, तर दुसऱ्या दिवशी टेप सैल झालेली असते, पुठ्ठा किंचित वाकलेला असतो, आणि काल नेमकं पुरणारं वजन आज कमी पडतं.

दोरा सैल सोडू नका. ५ सेंमीच्या ओढीत ३ सेंमी झोल गेला तर कामाला २ उरतात. टोकाला पक्की गाठ मारण्याऐवजी बाइंडर क्लिपेत दोरा धरला की ताण कितीही वेळा जुळवता येतो.

डॉमिनोंमधलं अंतर त्यांच्या उंचीच्या साधारण निम्मं ठेवा. ४८ मिमीच्या डॉमिनोला २० ते २५ मिमी. चाचण्या चालू असताना मधले चार-पाच डॉमिनो काढून ठेवा, म्हणजे कुणाच्या कोपराने रांग पडली तरी निम्मी वाचते. पंखा बंद करायचा आणि टेबलाला टेकून कुणी उभं राहायचं नाही, हे वेगळं सांगावं लागतं.

चाचणीचा हिशेब

"दहातून नऊ वेळा चालतं" ऐकायला छान वाटतं. आठ तुकडे प्रत्येकी दहातून नऊ वेळा चालत असतील तर अख्खी साखळी शंभरातून ४३ वेळाच पूर्ण होईल (०.९ आठ वेळा स्वतःशी गुणून पाहा). प्रत्येक तुकडा शंभरातून ९८ वेळा चालला तर ८५. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या, मग "एवढं चालतं की" हा वाद उरत नाही. म्हणून जोडणीत यायची अट: तुकडा सलग दहा वेळा, हात न लावता. नवव्या वेळी अडला तर मोजणी शून्यावर.

अडल्यावर एका वेळी एकच बदल. वहीत तीन रकाने: काय झालं, काय बदललं, मग काय झालं. दोन बदल एकदम केले आणि यंत्र चाललं तर कशामुळे चाललं ते कळत नाही, आणि पुन्हा बिघडलं की गट पहिल्यापासून सुरुवात करतो. कारण दिसत नसेल तर फोनवर संथ गतीचा व्हिडिओ घ्या. डोळ्याला "गोटी चुकली" एवढंच दिसतं. व्हिडिओत कळतं की फाटक उघडण्याआधीच ती त्याला आपटून मागे आली.

पुन्हा मांडायला तीन मिनिटांहून जास्त लागत असतील तर तुकड्याची रचनाच बदलावी लागेल, कारण एका तासात पुरेशा चाचण्या होणार नाहीत. प्रत्येक सुट्या वस्तूच्या जागेभोवती तळावर पेनाने रेघ काढा. मांडणीचा क्रम कागदावर लिहून मागच्या भिंतीला चिकटवा. रबरबँड रात्रभर ताणलेला ठेवू नका, सैल पडतो; चालवायच्या आधी चढवा.

तुकडे जोडतानाही शेवटाकडून: आधी सातवा-आठवा, मग सहावा. प्रत्येक जोड तीनदा चालला की मगच मागचा लावायचा. तळांची उंची जुळत नसेल तर खाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सारा आणि तुकडे टेबलाला टेपने बांधून टाका.

सुरक्षितता आणि गुण

कटर मोठ्यांनीच चालवायचा. ग्लू गन कमी तापमानाची, सुमारे १२० अंशांची घ्या, आणि ती एका ठरलेल्या टेबलावरच राहील. तीही चटका देतेच. ताणलेले रबर असलेल्या गटाला डोळ्यांवर चष्मा. उंदराचे सापळे आणि आग नको. जमिनीवर पडलेली गोटी तत्क्षणी उचलायची, पाय घसरतो.

गुण देखाव्याला देऊ नका. १०० पैकी ४० मोजमापाच्या तक्त्याला (लावलेलं बल, मिळालेलं बल, दोन्हीकडची अंतरं, हिशेबाचा आणि प्रत्यक्षातला फायदा), ३० सलग चाचण्यांना, २० बदलांच्या वहीला आणि १० कराराच्या मापांना. तक्त्यावरचा एक प्रश्न प्रत्येक मुलाला एकट्याने विचारा: "हिशेबाचा आणि प्रत्यक्षाचा आकडा वेगळा का आला, आणि तो जवळ आणायला काय कराल?" गटाचं उत्तर एकच हुशार मूल देत असतं, म्हणून हा प्रश्न गटात विचारू नका.

प्रत्यक्ष चालवताना एक मूल फक्त हात मोजतं: साखळी अडली आणि कुणी बोटाने ढकललं की एक "हात". शून्य हात क्वचितच होतात, आठ तुकड्यांत दोन-तीन हात म्हणजे चांगलं काम. लगेच दुसरी फेरी घ्या, पण त्याआधी प्रत्येक गटाने एकच माप बदलायचं, टेकू २ सेंमी सरकवायचा, चकती लहान करायची किंवा पाचर लांब करायची, आणि काय होईल त्याचा आकडा आधी वहीत लिहायचा. काहींचं यंत्र या फेरीत बंद पडेल. आकडा आधीच लिहिलेला असला तर बंद पडलेल्या यंत्रालाही पूर्ण गुण द्या.